खालच्या चार खुर्च्या कुठे गेल्या?

सुलभाताई बी-२०४: कडुनिंबाखालच्या चारही खुर्च्या कालपासून नाहीत. ज्यांनी उचलल्या त्यांनी मुकाट्याने परत ठेवाव्यात. नाव घेत नाही.

कुलकर्णी सेक्रेटरी: ताई, मीटर रूममध्ये आहेत. रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं. आपण आला नव्हतात.

सुलभाताई बी-२०४: कशी येणार? लिफ्ट बंद होती.

दातार ए-३०१: लिफ्टच्या एएमसीचं, वार्षिक देखभाल कराराचं काय झालं?

मनवा सी-१०३: काकू, मीच सुचवलं होतं, रागावू नका. तुम्ही सगळे ६ ला उतरता, दहा मिनिटं फिरता आणि साडेआठपर्यंत बसून असता. ६५ च्या पुढे डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायला सांगते. शिवाय २ दिवस ताकदीचा व्यायाम, ३ दिवस तोल सांभाळायचा.

सुलभाताई बी-२०४: वा! आमच्या गप्पांवर आता डब्ल्यूएचओची नजर. लोकमान्य नगरला होतो तेव्हा हापशावरून पाणी भरायचो, कोणी मिनिटं मोजली नाहीत.

मनवा सी-१०३: तेच तर काकू. कळशी उचलणं, जमिनीवर बसून उठणं, रोज होत होतं. आता सोफा, डायनिंग, कमोड.

मुळे काका बी-१०१: छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी खायला पायी गेलो तर मोजणार का? 😄

मुळे काकू बी-१०१: परवा ॲक्टिव्हावर गेला होतात.

मुळे काका बी-१०१: माझं वजन १० वर्षं ६४ च आहे. मला काय गरज?

मनवा सी-१०३: काका, काटा तोच राहतो, आत स्नायू घटून चरबी वाढते. पट्टा काय म्हणतो?

मुळे काकू बी-१०१: दोन भोकं मी पाडलीत, दाभण तापवून.

मुळे काका बी-१०१: हा संदेश हटवला गेला

मुळे काकू बी-१०१: वाचला मी.

दातार ए-३०१: एएमसी??

कुलकर्णी सेक्रेटरी: दातार साहेब, ६ फ्लॅटचा मेंटेनन्स बाकी आहे. त्यात आपला पण.

मनवा सी-१०३: एक करून बघा. हात छातीवर बांधून खुर्चीतून ५ वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. १२ सेकंदांच्या वर गेलं तर पाय कच्चे पडलेत. एकटं असताना करू नका, खुर्ची भिंतीला लावा.

मुळे काका बी-१०१: ९ सेकंद!

मुळे काकू बी-१०१: तिसऱ्यांदा टीपॉय धरला होता.

दातार ए-३०१: माझा मेंटेनन्स लिफ्ट सुरू झाल्यावर मिळेल. लेखी दिलं आहे.

सुलभाताई बी-२०४: मनवा, विषय निघालाच आहे म्हणून. गुरुवारी देवघरापुढे बसले ती उठताच येईना. पाटाला धरलं तर पाटच सरकला. सुनेला हाक मारायची लाज वाटली. निरांजन विझेपर्यंत तशीच बसून होते.

मुळे काकू बी-१०१: अगं, फोन करायचास ना.

मनवा सी-१०३: काकू, ७ ला खाली येते. खुर्चीतूनच सुरू करू, आधी हात टेकून. आणि रात्री नुसता चहा-शेव नको, वाटीभर डाळ, दही घ्या.

सुलभाताई बी-२०४: कुठली खुर्ची? ती तर तुम्ही कुलपात ठेवलीत.

कुलकर्णी सेक्रेटरी: काढून देतो. फक्त चाबी मिसेसच्या पर्समध्ये आहे आणि ती सानंद संस्थेच्या नाटकाला गेली आहे. ९ नंतर.