टोटल वॉर गेमचा मेडिव्हल 3 येणार म्हणे, दख्खन असेल का?

पार्कचौकवाला: 2006 ला मेडिव्हल 2 आला तेव्हापासून वाट बघतोय बे, आता तिसऱ्याची घोषणा झाली, पण नकाशात बहमनी वगैरे असतील का? भुईकोटाच्या बाजूला राहून नुसते युरोपातलेच किल्ले किती फोडायचे

शेंगाचटणी: घोषणा झाली म्हणजे गेम आला असं नसतंय. अजून प्री-प्रॉडक्शनलाच आहे, म्हणजे बनवायच्या आधीची तयारी. मराठे पाहिजेत तर टोटल वॉरचाच 2009 चा एम्पायर टाक, मुघलांना हाणत बस

गड्डागेमर: बहमनीच पाहिजे तर युरोपा युनिव्हर्सालिस 4 हा दुसरा गेम घे, त्यातला खेळ 1444 सालापासून सुरू होतो, खाली विजयनगर, लई मजा येती. त्याचा पाचवा भाग 1337 पासून सुरू होतो, बहमनी 1347 चे, म्हणजे सुरुवातीला नाहीतच

पार्कचौकवाला: एम्पायर आहे की. पण मेच्या उन्हात वेढा घातला की लॅपटॉपच बंद पडतोय

शेंगाचटणी: रात्री खेळ मग 😂