डायोड लेझरचे वॅट वाढवले तरी पारदर्शक ॲक्रिलिक कापणार नाही
डायोड लेझर कटरला २० वॅटचं मॉड्यूल (लेझर सोडणारा भाग) लावलं की ॲक्रिलिकही कापता येईल, असं एकाने म्हटलंय. काळ्या ॲक्रिलिकपुरतं खरं आहे, पारदर्शकाचं नाही. डायोड लेझरचा निळा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटरचा; तो पारदर्शक शीटमधून सरळ आरपार जातो. शीट कोरी करकरीत राहते आणि खाली ठेवलेलं लाकूड जळतं! वॅट वाढवून हे सुटत नाही. तिथे सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा) लेझरच हवा, त्याचे १०,६०० नॅनोमीटरचे किरण ॲक्रिलिक शोषून घेतं.

नुसतं प्लायवूडच कापायचं असेल तर मॉड्यूलच्या आधी एअर असिस्ट, म्हणजे कापल्या जाणाऱ्या जागी हवेचा झोत सोडणारी नळी, बसवा. माझ्या ५ वॅटच्या मशीनला त्यासाठी फिशटँकचा हवेचा पंप जोडलाय. घरघर डोकं उठवते, पण ३ मिमी प्लायच्या कडा आता बऱ्याच कमी काळवंडतात.