निसर्ग वादळ : सुपारीची १२ हजार रोपं कुठे मिळतील? (तातडीचं)

समन्वय_किनारा | ५ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९.४०

नमस्कार. निसर्ग चक्रीवादळात पडलेल्या वाड्यांत (बागांत) लावायला सुपारीची १२ हजार रोपं महिनाभरात हवी आहेत. सरकारी रोपवाटिकेत नाव नोंदवलंय, पण रांग मोठी आहे. खासगीत कोणाकडे असतील तर दर आणि रोपांचं वय कळवा.

दुसरं, सहा संस्थांच्या लाभार्थी याद्या एकत्र करायच्यात आणि एक्सेलमध्ये नावं जुळत नाहीत. फॉर्म्युला असेल तर द्या. 'आधी नीट नियोजन करा' हे कृपया कोणी लिहू नका, तेवढा वेळ नाही.

पोफळीखाली | सकाळी १०.०५

तालुका? सुपारीची जात? वाड्या साफ झाल्यात का? पाण्याचे पंप चालू आहेत का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

समन्वय_किनारा | सकाळी १०.३०

श्रीवर्धन तालुका, नऊ गावं. जात अर्थातच श्रीवर्धनी रोठा. साफसफाई बऱ्यापैकी झालीय. पंपांचं विचारून सांगतो. रोपांचं बोला.

पोफळीखाली | सकाळी ११.१५

रोपांचंच बोलतो. लावणीचं रोप १२ ते १८ महिन्यांचं, निदान पाच पानांचं, बुंध्याला जाड आणि बुटकं हवं. वादळ जूनमधलं. म्हणजे आज लावण्याजोगं जे रोप आहे ते वादळाच्या आधीच पेरलेलं आहे आणि मोजकं आहे. महिनाभरात १२ हजार देतो म्हणणारा एकतर सहा महिन्यांची उंच लुकडी रोपं देईल, नाहीतर दक्षिणेकडून आणलेली मंगला किंवा मोहितनगर जात 'रोठा' म्हणून खपवेल. फळ धरेपर्यंत फरक कळत नाही, आणि त्याला पाच-सात वर्षं लागतात. शिवाय तिकडच्या काही भागात पिवळ्या पानांचा रोग आहे, तो ट्रकातून घरी आणायचं काम नाही.

आता सावलीचं. आजवर इथे सुपारीचं नवं रोप जुन्या बागेतच लागायचं, वर माडा-पोफळींचं (नारळ-सुपारीच्या झाडांचं) छप्पर असायचं. आज वाडीत उभं राहिलं की थेट आभाळ दिसतं. दुपारनंतरचं नैर्ऋत्येचं ऊन कोवळ्या खोडाला भाजतं, साल तडकते, मग ते झाड पुढे कधी भरत नाही. म्हणून पहिलं पीक केळ. केळीचे मुनवे आत्ता लावा, मेच्या उन्हापर्यंत पान डोक्यावर येतं. सुपारी त्यानंतर, दोन ओळींच्या मध्ये. उरलेल्या जुन्या पोफळींच्या खोडांना नैर्ऋत्य बाजूने विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) बांधा. फुकट आहेत, वाडीभर पडल्यात.

२.७ मीटर अंतराने १२ हजार रोपं म्हणजे पावणेनऊ हेक्टर. एवढी सावली कुठे आहे नऊ गावांत?

गेंड्याभुंगा | दुपारी १२.००

'बऱ्यापैकी' म्हणजे किती? वाडीच्या बांधावर ढीग करून ठेवलेले माडाचे ओंडके म्हणजे साफसफाई नव्हे. कुजत्या ओंडक्यात आणि शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो, साधारण सहा महिन्यांत नवा भुंगा बाहेर पडतो. वादळाला चार महिने झाले, हिशेब करा. तो वाचलेल्या माडांच्या कोंबात शिरतो, नवीन पान कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी उघडतं. त्या जखमेवर सोंड्या भुंगा येतो, आणि तो आला की माड गेला.

ओंडका उभा चिरा, उन्हात वाळवा, वापरा किंवा जाळा. खुंटही जमिनीसरसा ठेवू नका. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही भुंग्याच्या अळ्या मारणारी बुरशी मिसळा. लहान माडांच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यात डांबर गोळी ठेवून वर वाळू टाका, दीड महिन्याने बदला. नवीन रोपांवर खर्च करण्याआधी उभे माड वाचवा.

चेनसॉ देणार असाल तर सोबत कानस, जादा चेन आणि चेनचं तेल द्या. वाळूत लोळलेल्या ओंडक्यावर चेन लगेच बोथट होते, मग माणूस जोर लावतो आणि अपघात होतो. ओंडका आधी दोन लाकडांवर उचलून घ्या. वाकून ताणलेल्या खोडाचा काप आधी दाबाच्या बाजूने थोडा, मग ताणाच्या बाजूने. उलटं केलं तर खोड फाटून अंगावर येतं.

आठ_अ | दुपारी १२.४०

सगळे झाडांवर बसलेत. यादीचा प्रश्न कोणी घेणार का?

फॉर्म्युल्याने नावं जुळणार नाहीत, कारण चूक एक्सेलची नाही. एका यादीत नवऱ्याचं नाव, दुसरीत बायकोचं, तिसरीत सातबाऱ्यावरच्या वारलेल्या आजोबांचं. नाव हा धागा सोडा. घर धरायचं असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा क्रमांक. चूल धरायची असेल तर रेशनकार्डाचा १२ आकडी नंबर. मी दोन्ही रकाने ठेवीन, कारण एका घरात दोन चुली असतात आणि एका चुलीची माणसं दोन घरांत. आधार क्रमांक सहा संस्थांच्या लॅपटॉपवर फिरवू नका.

मग रकाने एवढेच : गाव, पाखाडी (वस्ती), घरपट्टी नं., रेशन नं., फोन, मुख्य कमाई, दुसरी कमाई, काय मिळालं, कोणाकडून, तारीख. 'मुख्य कमाई' हाताने लिहू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर सुपारी, सुपारि, बागायत, वाडी असे चार धंदे होतात. मूळ फाइल एकाच माणसाकडे. बाकीच्यांनी दर शुक्रवारी फक्त बदल पाठवायचे.

तुमच्या सहा याद्यांत 'कमाई' हा रकाना आहे का?

समन्वय_किनारा | दुपारी १.२०

दोघांच्या आहे. बाकी चौघांच्या याद्या पंचनाम्यावरून केल्यात, त्यात क्षेत्र आणि झाडांची संख्या आहे.

आठ_अ | दुपारी १.३५

वाटलंच. पंचनाम्यात ज्याची जमीन तोच दिसतो. सुपारी सोलणीवर बसणाऱ्या बायका, झाडावर चढून फळं उतरवणारे पाडेकरी, शिंपण्याला येणारा गडी आणि कागदावर नाव नसलेली कुळं त्यात नाहीत. सुपारीचं झाड पडलं की मालकाचं उत्पन्न जातं आणि किलोवर सोलणाऱ्या बाईची हंगामाची मजुरीही जाते. तिला रोप देऊन काय करणार, तिच्याकडे गुंठाही नाही.

मुंबैकर_हिस्सेदार | दुपारी २.१०

भरपाईचं काय झालं? हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. एवढ्यात ओंडका हलत नाही.

आठ_अ | दुपारी २.२५

म्हणून तर झाडावार दर आला : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. शिफारशीच्या अंतराने गुंठ्यात १३-१४ सुपाऱ्या बसतात, म्हणजे सुमारे ७०० रुपये. पण जुन्या दाट वाड्यांत गुंठ्याला ३०-४० झाडं सहज, तिथे फरक मोठा. नारळाला मात्र ७.५ मीटरने हेक्टरी १७७ झाडं, म्हणजे ४४ हजार. तिथे झाडावार घेऊन फायदा नाही.

आणि आयडीवरून विचारतो, तुमचा सातबारा सामायिक आहे का? असेल तर गावात वाडी कसणाऱ्या भावाला संमतीपत्र द्या. अर्धी प्रकरणं त्या एका कागदावर अडतात.

मुंबैकर_हिस्सेदार | दुपारी २.३०

तो वेगळा विषय आहे.

लेयते_परत | दुपारी ३.००

फिलिपिन्समध्ये हैयान टायफूननंतर (तिकडे त्याला योलांडा म्हणतात, ८ नोव्हेंबर २०१३) याच चुका मोठ्या आकारात झाल्या. तिथे तीन कोटींहून जास्त माडांचं नुकसान झालं आणि गेंड्या भुंग्याचीच भीती होती. ओंडके फिरत्या करवतींवर चिरून घरांना वापरले. खोडाचा बाहेरचा काळपट भाग खांब-वाशांना चालतो, आतला भुसभुशीत भाग भार घेत नाही. जे पडून राहिलं ते कुजलं.

दुसरी चूक होड्यांची. मोजायला आणि फोटोला सोप्या, म्हणून जो तो होड्या वाटायला लागला. काही किनाऱ्यांवर वादळाआधी होत्या त्याहून जास्त झाल्या. किनाऱ्याजवळची मासळी आधीच कमी होती. कुठे होडी आली पण जाळं नाही, कुठे इंजिन नाही.

त्यामुळे कोण, काय, कुठे, कधी हा एकच तक्ता करा, गाववार. त्यात 'काय दिलं' याच्या शेजारी 'कशाशिवाय ते चालणार नाही' हा रकाना घाला. पंपाशेजारी वीज, होडीशेजारी जाळं, रोपाशेजारी सावली आणि पाणी. आणि आधी मजुरी द्या. साफसफाईची कामं रोख मजुरीवर काढली की जमीन नसलेल्यांच्या हातात पहिल्या आठवड्यात पैसा येतो.

गेंड्याभुंगा | दुपारी ३.२०

रोख मजुरीचा दर काय धरणार? रोजगार हमीचे २३८ रुपये इथे कोणी घेत नाही. आणि बाजारापेक्षा जास्त दिलेत तर भातकापणीला माणूस मिळणार नाही, ती आत्ता तोंडावर आहे.

लेयते_परत | दुपारी ३.३५

बाजारभावापेक्षा किंचित कमी, आणि कापणीचे तीन आठवडे काम बंद. कमी दराला खरंच गरज असलेलाच येतो.

गेंड्याभुंगा | दुपारी ३.४०

ते पुस्तकात. इथे कमी दराला बायकाच येतात आणि ओंडके उचलायला त्यांनाच लावतात.

आठ_अ | दुपारी ३.५०

मग रोजावर नको, मापावर द्या. चिरून रचलेल्या ढिगाच्या घनमीटरला दर ठरवा. उचलण्याचं आणि रचण्याचं माप वेगळं.

हवामान_हौशी | दुपारी ४.१०

एक दुरुस्ती. निसर्ग हा टायफून नव्हे. वायव्य प्रशांत महासागरात टायफून, अटलांटिकमध्ये हरिकेन, आपल्याकडे चक्रीवादळ. प्रक्रिया तीच, नाव जागेवरून. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं.

खाडीपल्याड | दुपारी ४.१५

निसर्गला कोणी टायफून म्हटलंच नाही, वर वाचा.

धागाकर्ते, तुमच्या नऊ गावांत कोळीवाडे किती? यादीत होड्या आहेत?

समन्वय_किनारा | दुपारी ४.४५

तीन. एका संस्थेने २० होड्यांची डागडुजी धरलीय. पैसे ३१ मार्चपर्यंत खर्च करायचे आहेत, म्हणून तर घाई. रोपांचंही तेच, देणगीदाराच्या कागदावर 'रोपं' असंच लिहिलंय.

खाडीपल्याड | दुपारी ५.००

हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

होड्या ओढून घेऊन डागडुजी करायचा काळ म्हणजे बंदीचा, १ जून ते ३१ जुलै. आत्ता हंगाम आहे, चालती होडी कोणी किनाऱ्याला लावणार नाही आणि सुतारही मोकळा नाही. आत्ता जाळी घ्या. पण एका मापाची शंभर जाळी आणून टाकू नका. जाळं डोल की वावरी, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) किती, कुठल्या मासळीला, हे प्रत्येक वाड्यात विचारा. जाळं तयार घेण्यापेक्षा सूत, दोर, बोये आणि शिसं द्या. वाड्यात विणणारे-भरणारे हात आहेत, त्यांनाही मजुरी मिळते. होड्यांसाठी लाकूड, खिळे मार्चआधी खरेदी करून सोसायटीच्या गोडाउनला ठेवा, सुतारकाम जूनमध्ये.

पोफळीखाली | संध्याकाळी ६.२०

मार्चची अट असेल तर वाट आहे. रोपं विकत घेऊ नका, रोपवाटिका उभी करा. देणगीदाराला लिहा की बाब रोपांचीच, फक्त ती गावात तयार होतील. शेडनेट, पिशव्या, माती, पाणी आणि मजुरी हा सगळा खर्च मार्चआधी होतो.

बियाणं गावातच. वादळात टिकलेल्या, दहा वर्षांवरच्या, दरवर्षी भरणाऱ्या पोफळी आत्ताच चुन्याने खुणावून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण पिकलेली, वजनदार फळं घ्या, ३५ ग्रॅमच्या वरची. बादलीत टाका. देठाची टोपी वर करून जी उभी तरंगतात ती बियाण्याला, आडवी पडतात ती बाजारात. वाळूच्या वाफ्यात देठ वर ठेवून पाच सेंटिमीटरवर लावा, रोज पाणी. दीड महिन्यात कोंब दिसायला लागतो. दोन-तीन पानांवर आली की २५ बाय १५ सेंटिमीटरच्या, १५० गेजच्या पिशवीत. माती सात भाग, शेणखत तीन, वाळू दोन. शेणखत चाळून घ्या, त्यातच भुंग्याच्या अळ्या असतात. पिशवीला खाली भोकं पाडायला विसरतात, मग पावसात मुळं कुजतात.

१२ हजार चांगली रोपं हवीत तर १८ हजार फळं पेरा. लुकडी काढून टाकायची हिंमत ठेवा. २०२२च्या जूनमध्ये ती लावणीला येतात, तोवर केळीची सावलीही तयार. आणि या वाफ्यांवर तुमच्या सोलणाऱ्या बायका घ्या, त्यांना फळ हातात घेतल्यावर कळतं.

गच्चीवरचा_माळी | रात्री ८.००

कुंडीत सुपारी लावली तर फळ येतं का? बाल्कनी पश्चिमेची आहे.

पोफळीखाली | रात्री ८.०५

नाही.

समन्वय_किनारा | ९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

पंप विचारले. नऊपैकी चार गावांत विहिरीवरची लाइन अजून जोडलेली नाही. रोपांची ऑर्डर थांबवली, देणगीदाराला पत्र गेलं. दोन गावांचा नमुना ८ मिळाला, त्यावरून एका गावाच्या याद्या जुळवल्या तर २१ घरं तीन-तीन यादीत निघाली. पण एक अडचण : भावाभावांची वाटणी झालेल्या घरांना एकच घरपट्टी नंबर आहे आणि रेशनकार्डंही जुनी, एकत्र. अशा वेळी काय धरू?

आठ_अ | रात्री ९.४५

विजेची मीटरं मोजा. मीटर एकच असेल तर गॅसचं पुस्तक बघा. तेही एकच निघालं तर नंबराला अ, ब लावा आणि यादी सात दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. भावकी स्वतःच येऊन दुरुस्त करून देईल.