अण्णांच्या रिपोर्टमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त आलाय, कॅप्सूल चालू ठेवू का बंद करू?

विश्रामबागकर_७९:
नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे म्हणून लिहितोय. आमचे अण्णा 61 वर्षांचे, शुगर 14 वर्षं झाली, बीपीची गोळी चालू आहे आणि एक अ‍ॅस्पिरिन. बिडी ओढायचे, पाच वर्षांपूर्वी सोडली. मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीत एक तपासणी शिबिर झालं, तिथं 3800 रुपये घेऊन ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस पॅनल म्हणून रक्त नेलं आणि आठ दिवसांनी चार रंगांत छापलेला रिपोर्ट आला. त्यात एमडीए म्हणून काहीतरी आहे ते लाल रंगात, जास्त. पण टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी हिरव्या रंगात, पुढे लिहिलंय उत्तम. सोबत तीन महिन्यांच्या कॅप्सूलचा कोर्स दिला, डब्यावर व्हिटॅमिन सी 1000, व्हिटॅमिन ई 400, बीटा कॅरोटीन, आणि हळदीचा अर्क मिऱ्याच्या अर्कासकट. अण्णा खूश आहेत, म्हणतात ह्यानंच शुगरची गोळी सुटेल, आणि परवा मला कळलं की दोन दिवस त्यांनी मेटफॉर्मिन घेतलीच नव्हती, तेव्हा माझी झोप उडाली.
जनरल रिपोर्टपण त्याच्यासोबत आहे, HbA1c (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 8.6, किडनीचं क्रिएटिनिन 1.6, युरिक ॲसिड 8.4. ह्यावर शिबिरवाले काहीच बोलले नाहीत. कुणाला ह्यातलं कळत असेल तर प्लीज सांगा, एमडीए कमी करायला नक्की काय करायचं?

मिरज_लॅबवाली:
दादा, मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये 17 वर्षं काम करते, डॉक्टर नाही, पण ह्या टेस्ट हातानं केल्यात म्हणून सांगते. पहिलं म्हणजे मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू देऊ नका आणि स्वतःहून वाढवूपण नका, क्रिएटिनिन बघून डोस ठरतो त्यामुळे ते डॉक्टरांनाच विचारा, आणि हे ह्याच आठवड्यात.
आता एमडीए. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे उपद्रवी कण जास्त आणि त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंट कमी. एमडीए म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, पेशींच्या आवरणातली चरबी ऑक्सिडाइज झाली की त्याचा जो चुरा होतो त्यातला एक तुकडा. नेहमीची स्वस्त पद्धत काय, तर नमुन्यात थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून तापवायचं, गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरला मोजायचा. पण तो गुलाबी रंग फक्त एमडीए देतं असं नाही, दुसरी अल्डिहाइडंपण देतात, आणि तापवतानाच आणखी चरबी ऑक्सिडाइज होते. त्यात रक्त गोठू दिलं तर प्लेटलेट्स स्वतःच एमडीए तयार करतात, नमुना हेमोलाइज झाला असेल, म्हणजे लाल पेशी फुटल्या असतील, तर त्यांतलं लोह आणखी भर घालतं. शिबिरात काढलेलं रक्त दुपारभर डब्यात फिरलं असेल तर तो आकडा अण्णांचा किती आणि डब्यातल्या गरमीचा किती हे सांगायला कुणालाच येणार नाही. ह्याला सगळीकडे चालेल अशी नॉर्मल रेंजच नाही, प्रत्येक लॅब आपापली ठरवते.
पण मला काळजी लाल आकड्याची नाही, हिरव्याची वाटते. टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी मोजायच्या बऱ्याच पद्धतींत सगळ्यात मोठा वाटा कशाचा असतो माहितीय का, युरिक ॲसिडचा. युरिक ॲसिड रक्तातलं एक मोठं अँटिऑक्सिडंटच आहे. आणि किडनी मंदावली की ते बाहेर पडत नाही, रक्तात साठतं. म्हणजे अण्णांचं 8.4 आहे म्हणून तो आकडा उत्तम दिसतोय अशी दाट शक्यता आहे. ज्या ओळीवर उत्तम लिहिलंय तीच ओळ किडनीकडे बोट दाखवतेय, आणि त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही ह्याचा मला खरंच राग आलाय.
उद्या सकाळची पहिली लघवी घेऊन युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो करून घ्या, लघवीतून प्रोटीन किती गळतंय ते त्यात कळतं, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतो. 30 च्या वर आला तर जास्त.

विश्रामबागकर_७९:
ताई, वाचून हातपाय गार पडले. 1.6 म्हणजे थोडंसंच जास्त असं वाटलं होतं मला. उद्या सकाळीच करतो.

कराडचा_मास्तर:
घाबरू नका, पण थोडंसंच असंही समजू नका. 2021 च्या सूत्रानं 61 वर्षांच्या पुरुषाला क्रिएटिनिन 1.6 म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, साधारण 49 येतो. एका रिपोर्टवर किडनीचा जुनाट आजार म्हणत नाहीत, तीन महिने तसंच राहिलं तर म्हणतात.
मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो, तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे थोतांड आहे असं कुणी समजू नये म्हणून लिहितो. हा शब्द 1985 साली हेल्मुट झीस ह्यांनी रूढ केला आणि शुगरमध्ये हे खरंच घडतं. गुऱ्हाळावर बघितलं असेल, चुलवाणात चिपाडं जास्त कोंबली की नीट जळत नाहीत, नुसता धूर होतो, पेशीचं तसंच. रक्तात साखर जास्त झाली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींना ती अडवता येत नाही, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, जास्त इंधन शिरतं आणि सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी कण जास्त सुटतो. डोळा, किडनी, पायाच्या नसा ह्या सगळ्यांच्या बिघाडामागं हेच एक मूळ आहे अशी मांडणी मायकेल ब्राउनली ह्यांनी 2001 मध्ये केली आणि ती आजही शिकवतो आम्ही.
मग लोकांना वाटलं अँटिऑक्सिडंट द्या, झालं. इथंच गणित चुकलं. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, बीटा कॅरोटीनची गोळी रोज 20 मिलिग्रॅम, 1994 साली निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्के जास्त. अमेरिकेतला दुसरा प्रयोग 1996 मध्ये मधेच थांबवावा लागला, तिथं 28 टक्के जास्त, आणि त्यात सिगारेट सोडलेलेपण होते. अण्णांनी पाच वर्षांपूर्वीच सोडलीय म्हणता, तर त्या डब्यातलं बीटा कॅरोटीन हे मला सगळ्यात खटकतं. गाजर खाऊ दे की, गाजराचं भांडण नाही, गोळीतल्या डोसचं आहे.
व्हिटॅमिन ई 400 हृदयरोग्यांना आणि शुगरवाल्यांना देऊन बघितलं, 2000 साली निकाल, हार्ट ॲटॅक काही कमी झाले नाहीत. पुढं 35 हजारांवर पुरुषांना दिलं तर 2011 मध्ये दिसलं की प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्के जास्त. वर अण्णांना अ‍ॅस्पिरिन चालू, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो. आणि सी 1000 मिलिग्रॅम, त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं, मुतखड्यात असतं ते, मंदावलेल्या किडनीला ते नको. काही ग्लुकोमीटर तर व्हिटॅमिन सी जास्त असलं की शुगर चुकीची जास्त दाखवतात, घरी मोजत असाल तर हेही ध्यानात ठेवा.
असं का होतं तर हे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड सगळे शत्रूच आहेत असं नाही. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात, स्नायू त्यांच्याकडूनच शिकतात. जर्मनीत 2009 साली एक छोटा अभ्यास झाला, तरुणांना चार आठवडे व्यायाम, निम्म्यांना सी 1000 आणि ई 400. गोळ्या न घेणाऱ्यांचं इन्सुलिन नीट काम करायला लागलं, घेणाऱ्यांचं नाही. एवढ्याशा अभ्यासावर सगळं तोलू नये हे खरं, पण अण्णा घाटावर चालायला जात असतील तर त्या चालण्यावर पाणी फिरवणारं काही पोटात घालायचं कशाला.

हरिपूरची_लेक:
हळदीवर मी बोलते, आमच्या घरात तीन पिढ्या हळद. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, साठवलेली हळद बघत मोठी झालेय मी, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे ह्या भागाचाच माल असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा घरात पेढे वाटलेत. म्हणून हळदीला नावं ठेवलेली मला चालत नाहीत, पण कॅप्सूल म्हणजे हळद नव्हे. हळकुंडात करक्युमिन, म्हणजे तो पिवळा घटक, साधारण शेकडा तीन भाग, आणि ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, म्हणून अर्कात मिऱ्याचं पिपरिन घालतात, 1998 च्या एका अभ्यासात त्यानं रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. पण पिपरिन बाकीच्या औषधांचंपण शोषण आणि लिव्हरमधलं काम बदलवतं, आणि असल्या जोरदार अर्कानं लिव्हरला सूज आलेले लोक बऱ्याच देशांत नोंदलेत. भाजीतली चिमूट आणि रात्रीचं दूध ह्याला कुणी काही म्हणत नाही.
आणि करक्युमिन किती नाजूक असतं ते आपल्या आयांना माहिती आहे, हळद लागलेलं लुगडं साबणानं निघत नाही पण उन्हात टाकलं की पिवळा उडतो. पारदर्शक बाटलीत खिडकीशी ठेवलेल्या कॅप्सूलमध्ये काय उरलं असेल देव जाणे.

तासगाव_द्राक्ष:
म्हणजे सगळ्याच अँटिऑक्सिडंट गोळ्या बंद का? माझ्या आईला डोळ्याच्या डॉक्टरांनी ल्युटीनवाल्या दिल्यात, वयानं पडदा खराब होतो त्यासाठी. आता थांबवू का?

कराडचा_मास्तर:
अजिबात थांबवू नका. पडद्याच्या त्या आजाराच्या मधल्या टप्प्यात त्या गोळ्यांनी तो पुढं सरकायचं प्रमाण साधारण पाव हिश्शानं कमी झालं हे 2001 मध्येच दिसलंय, आणि 2013 च्या पुढच्या प्रयोगानंतर त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन घातलं, कारण वर लिहिलंय तेच, सिगारेटवाल्यांचा कॅन्सर. पॅरासिटामॉलचं विष झालं तर एन ॲसिटिल सिस्टीन देतात तेही शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट ग्लुटाथिऑन भरून काढायलाच, आणि त्यानं जीव वाचतात. कुठल्या आजारात, कुणाला, किती, हे तपासून दिलेलं औषध वेगळं आणि एका लाल आकड्यावर सगळ्यांना एकच डबा वेगळा.

मिरज_लॅबवाली:
मास्तरांना दुजोरा. आणि कुणाला खरंच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचाच असेल तर संशोधनात लघवीतलं 8-ओएचडीजी किंवा आयसोप्रोस्टेन, म्हणजे ऑक्सिडाइज झालेल्या डीएनएचे किंवा चरबीचे तुकडे, मास स्पेक्ट्रोमेट्रीवर मोजतात, ते बरंच भरवशाचं, पण त्यावरूनही रोजची औषधं कुणी ठरवत नाही. अण्णांना उपयोगाचे मार्कर साधे आहेत, HbA1c, बीपी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, आणि वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा. दादा, रेशो आला का?

विश्रामबागकर_७९:
ताई, आला. 212. डॉक्टरांकडे जाऊन आलो, कॅप्सूल बंद केल्या, बीपीचं औषध बदललं, लघवीतलं प्रोटीन कमी करणारं दिलंय, मेटफॉर्मिनचा डोस त्यांनी स्वतः ठरवून दिला. आणि एक गोष्ट तिथंच कळली, अण्णा गुडघ्यासाठी मेडिकलमधून रोज एक पेनकिलर घेत होते वर्षभर, घरात कुणालाच माहिती नव्हतं. डॉक्टर म्हणाले ह्यानंपण किडनीवर ताण आला असेल, ती पहिली बंद. शिबिरवाल्यांना फोन केला तर डबे परत घेत नाहीत म्हणाले.
अण्णा दोन दिवस रुसले होते, त्यांना वाटलं त्यांची आशाच काढून घेतली. मग हरिपूरच्या ताईंचं लुगड्याचं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा हसले, आजीची आठवण काढली, आणि रात्री हळदीचं दूध मागितलं, बिनसाखरेचं. ते चालू ठेवलंय. क्रिएटिनिन परत तीन महिन्यांनी करायचंय, काय येईल ते इथंच टाकतो.

मिरज_लॅबवाली:
नक्की टाका. आणि युरिक ॲसिड त्याच दिवशी, त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघता येतील.