बंदिवासानंतरचे मंदिर : देवाच्या वचनावर उभे राहिले की दारयावेशाच्या तिजोरीवर?

पैलतीर (चर्चाप्रस्ताव)

इ. स. पू. ५८६च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि यहूदातील पुष्कळ लोकांना बाबेलला नेले. इ. स. पू. ५३९मध्ये बाबेल जिंकणाऱ्या पर्शियाच्या कोरेश राजाने त्यांना परतण्याची व मंदिर पुन्हा बांधण्याची मुभा दिली. बायबलमधील एज्राच्या ग्रंथानुसार ४२,३६० लोक परतले. त्यांनी आधी वेदी उभारली, दुसऱ्या वर्षी मंदिराचा पाया घातला आणि नंतर शेजाऱ्यांच्या विरोधामुळे जे काम थांबले ते पुढचा पर्शियन राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, म्हणजे इ. स. पू. ५२०पर्यंत, थांबलेलेच राहिले. त्या वर्षी हाग्गय आणि जखऱ्या हे संदेष्टे बोलू लागले, आणि इ. स. पू. ५१५मध्ये मंदिर पुरे झाले.

हे मंदिर देवाच्या वचनावरील भरवशामुळे उभे राहिले, असे माझे म्हणणे आहे. त्याचा आधार एज्राच्या पाचव्या अध्यायातील घटनाक्रमात आहे. यहूदाचा अधिपती जरुब्बाबेल आणि मुख्य याजक यहोशवा यांनी काम सुरू केले तेव्हा त्यांच्या हाती नव्या राजाचा कोणताही आदेश नव्हता. फरात नदीपलीकडील प्रांताचा पर्शियन अधिपती ततनइ येऊन विचारतो की तुम्हाला हे बांधण्याची परवानगी कोणी दिली, आणि काम करणाऱ्यांची नावे मागतो. तो दारयावेशाला पत्र लिहितो, एकबाताना येथे कोरेशाच्या जुन्या हुकमाची नोंद सापडते आणि दारयावेश खर्चासह परवानगी देतो. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंतच्या काळात काम बंद पडले नाही, असे ग्रंथ स्पष्टपणे सांगतो. भरवसा नावाची गोष्ट मला नेमकी त्या मधल्या काळात दिसते, कारण उत्तर उलटे आले असते तर नावे आधीच दरबारी पोहोचलेली होती.

आपल्याकडे हा भाग बहुधा चर्चच्या इमारत निधीच्या वेळीच आठवतो, हे त्याचे दुर्दैव आहे. आपली मते मांडावीत.

शिलालेख

आपण घटनाक्रम नीट मांडला आहे, पण अर्धाच. इ. स. पू. ५२२मध्ये कोरेशाचा मुलगा व वारस कंबुजिय मरण पावला आणि गादीसाठी साम्राज्यभर बंडे उसळली. बाबेलमध्ये एका पाठोपाठ एक असे दोन दावेदार नबुखद्नेस्सर हे नाव धारण करून उभे राहिले, हे दारयावेशाने स्वतः इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून ठेवले आहे. हाग्गयाचा पहिला संदेश ऑगस्ट ५२०चा, म्हणजे या धुमाळीला दोन वर्षेही झालेली नव्हती. मी आकाश व पृथ्वी हालवीन, राष्ट्रांची सिंहासने उलथीन, ही हाग्गयाची भाषा त्या काळात हवेतून आलेली नाही. साम्राज्य डळमळत असताना प्रादेशिक नेतृत्वाने संधी साधली आणि नव्या राजाला प्रांत शांत ठेवायचे असल्याने त्याने ती साधू दिली, असा याचा साधा अर्थ लागतो. कोरेशाचे धोरणही एकट्या यहूद्यांसाठी नव्हते. बाबेलमध्ये १८७९मध्ये सापडलेल्या त्याच्या मातीच्या दंडगोलावर मार्दुक देवाचे गुणगान आहे आणि मेसोपोटेमियातील इतर देवस्थाने पूर्ववत केल्याचा उल्लेख आहे. यहूदाचे नावही तेथे नाही.

दुसरा मुद्दा अधिक अडचणीचा आहे. हाग्गयाचा शेवटचा संदेश जरुब्बाबेलाला उद्देशून आहे : देव त्याला मुद्रेच्या अंगठीसारखा करील. हे वचन म्हणजे आधीचा संदेष्टा यिर्मया याच्या शापाची उलट बाजू, कारण यिर्मयाने जरुब्बाबेलाचा आजोबा, दाविदाच्या वंशातील राजा यहोयाखीन याच्याविषयी म्हटले होते की तो हातातील मुद्रा असता तरी देवाने ती उपटून फेकली असती. म्हणजे दाविदाची गादी पुन्हा उभी राहील, अशी आशा येथे उघड आहे. पुढे काय झाले? जरुब्बाबेल मंदिर पूर्ण होण्याच्या वर्णनातही दिसत नाही. दाविदाच्या वंशाचा कोणी राजा त्या सिंहासनावर बसला नाही. पूर्ण झालेली वचने मोजायची आणि राहिलेल्यांविषयी मौन पाळायचे, याला मी भरवसा म्हणणार नाही.

ओसरी

शिलालेख, आपण राजकारण सांगता ते बरोबर आहे. पण संधी होती म्हणून लोक उठले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कोरेशाची परवानगी होती, तेव्हाची संधी काय कमी होती? तरीही पाया घातल्यावर जवळजवळ सोळा वर्षे काम पडून राहिले. हाग्गय लोकांना बाहेरच्या विरोधाबद्दल काहीच बोलत नाही. तो त्यांना विचारतो की देवाचे घर ओसाड असताना तुम्ही तक्तपोशी केलेल्या घरांत कसे राहता. पुष्कळ पेरता आणि थोडे घरी आणता, मजुरी मिळते ती भोके पडलेल्या पिशवीत जाते. अडथळा बाहेर होता तसाच मनातही होता.

मात्र पैलतीर यांच्याशीही माझा मतभेद आहे. आपण भरवसा म्हणजे धाडस असे मांडले आहे. हाग्गयाने काम सुरू होण्याआधी दिलेले वचन यशाचे नाही, सोबतीचे आहे : मी तुमच्याबरोबर आहे, इतकेच. वैभवाचे वचन महिन्याभराने येते, आणि तेही का, तर जुने मंदिर पाहिलेली म्हातारी माणसे नवे बांधकाम पाहून खचली होती म्हणून. पाया घातला त्या दिवशी त्यांचा आक्रोश आणि तरुणांचा जयघोष एकमेकांत इतके मिसळले की वेगळे ओळखू येईनात, असे एज्रा लिहितो. त्या वृद्धांची तुलना खोटी नव्हती. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, नव्या मंदिरात कधीच आला नाही. ऊरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची याजकांची साधने) नाही, स्वर्गीय अग्नी नाही, अशी उणिवांची यादी पुढे तालमूद या यहुदी ग्रंथानेही दिली आहे. संदेष्ट्यांनी ही उणीव नाकारली नाही. अल्पारंभाच्या दिवसाला तुच्छ कोण लेखतो, असे जखऱ्या विचारतो तेव्हा आरंभ अल्प आहे हे तो मान्यच करतो.

पाणवठा

मला या चर्चेतील एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. दुष्काळ पडला कारण तुम्ही मंदिर बांधले नाही, हे हाग्गयाचे विधान सर्वांनी न अडखळता ओलांडले. पावसावर जगणाऱ्या आणि आधीच नागवलेल्या माणसांना असे सांगणे ही भरवशाची शिकवण आहे की धाक आहे? मराठवाड्यातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूने कोरडवाहू शेतकऱ्याला हेच ऐकवले, तर आपण त्याला संदेष्टा म्हणू का? यशयाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात, जो पुष्कळ अभ्यासकांच्या मते याच परतीच्या काळातला आहे, देवच विचारतो की आकाश माझे सिंहासन आहे, मग तुम्ही माझ्यासाठी कसले घर बांधणार. तो आवाजही त्याच ग्रंथसंग्रहात आहे.

शिवाय, शेजाऱ्यांनी आम्हीही तुमच्या देवाला भजतो, आम्हाला बांधू द्या, अशी विनंती केली तेव्हा जरुब्बाबेलाने ती फेटाळली. विरोध त्यानंतर सुरू झाला. एज्राचा ग्रंथ त्यांना आधीच शत्रू म्हणतो, पण तो ग्रंथ एका बाजूने लिहिलेला आहे.

पैलतीर

पाणवठा, शेजाऱ्यांविषयीचा आपला आक्षेप मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. कोरेशाने परवानगी आम्हालाच दिली, हे त्यांना दिलेले उत्तर कायदेशीर आहे, उदार नाही. पण दुष्काळाविषयी मी हाग्गयाची बाजू घेईन. तो हे वैयक्तिक शेतकऱ्याला सांगत नाही. त्याचा पहिला संदेश अधिपती आणि मुख्य याजक यांना नावाने दिलेला आहे, आणि तक्तपोशीची घरे उपाशी माणसाची नसतात. एखाद्या गरिबाच्या पिकावर ते वाक्य फेकणे हा हाग्गयाचा गैरवापर आहे, आणि तो होतो हे मला ठाऊक आहे.

शिलालेख, जरुब्बाबेलाविषयी : ख्रिस्ती वाचक येथे मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीकडे बोट दाखवतो, जिच्यात जरुब्बाबेलाचे नाव आहे. मी ते उत्तर मानतो, परंतु इ. स. पू. ५१५मध्ये मंदिराच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते उपलब्ध नव्हते, हेही मानतो. त्याला अर्धे पूर्ण झालेले वचन घेऊनच घरी जावे लागले.

शिलालेख

हे प्रामाणिक आहे. तरी अर्धे पूर्ण झालेले वचन आणि फसलेले भाकीत यांत बाहेरून पाहणाऱ्याला फरक कसा करता येईल, हे आपण सांगितलेले नाही.

ओसरी

बाहेरून करता येणार नाही, असेच मला वाटते. पण आतील लोक काय करत होते हे पाहता येते. दारयावेशाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५१८मध्ये, बांधकाम अर्ध्यावर असताना काही माणसे याजकांना व संदेष्ट्यांना विचारायला आली : इतकी वर्षे पाचव्या महिन्यात मंदिराच्या नाशाचा शोक करून उपास केला, तो आता चालू ठेवावा का? जखऱ्याने लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. विधवा, अनाथ, परदेशी व गरीब यांच्यावर जुलूम करू नका, ही आधीच्या संदेष्ट्यांची शिकवण त्याने पुन्हा ऐकवली, आणि पुढे कधीतरी हे उपास आनंदाचे सण होतील असे सांगितले. पाणवठा यांना हवा असलेला आवाज तेथे आहे, आणि तो बांधकामाच्या विरोधात नव्हे, बांधकाम चालू असतानाच उमटलेला आहे.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल हा यहुदी समाज हाच पाचव्या महिन्याचा उपास बिरड्याचा रोजा या नावाने पाळत आला. दुसरे मंदिरही इ. स. ७०मध्ये रोमनांनी पाडल्यामुळे तो उपास दोन्ही मंदिरांचा झाला. जखऱ्याने सांगितलेला सण अजून झालेला नाही, आणि वचन मात्र त्यांनी सोडलेले नाही.

पाणवठा

जखऱ्याचा संदर्भ मान्य. पण मग मंडळीच्या इमारत निधीच्या दिवशी हाग्गयाचा पहिला अध्याय वाचला जातो, तेव्हा जखऱ्याचा सातवा अध्यायही त्याच उपासनेत वाचावा, अशी माझी मागणी आहे. तसे होताना मी अजून पाहिलेले नाही.