चर्चा: आपण वापरतो त्या मुक्त सॉफ्टवेअरची यादी जाहीर ठेवावी का?

रफार:
मुक्त सॉफ्टवेअरवर रोजचं काम करणाऱ्या प्रत्येकाने आपली यादी उघड्यावर ठेवावी असं माझं मत आहे. कोडबर्ग किंवा गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइट, स्वतःची साइट, कुठेही. साधी टेक्स्ट फाईल पुरे: नाव, कशासाठी वापरतो, कुठे अडतं, शेवटचं कधी तपासलं.

नुसती नावं काढायला काही लागत नाही. उबुंटू लिनक्सवर ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’, मॅकवर ‘ब्रू बंडल डंप’ ही आज्ञा दिली, की भेंडोळं तयार. ते मात्र तसंच टाकू नये, कारण त्यातली कितीतरी नावं आपल्यालाच ओळखू येत नाहीत. खरी मेहनत ‘कशासाठी’ आणि ‘कुठे अडतं’ या दोन रकान्यांची आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना याची गरज जास्त. इंग्रजीत ‘ऑसम’ नावाने निघणाऱ्या निवडक शिफारशींच्या याद्यांचा सुळसुळाट आहे, २०१४ पासून गिटहबवर एकीतून दुसरी निघते आहे. पण देवनागरीत शोध चालतो का, ‘तऱ्हा’ नीट उमटते का, पीडीएफमधून मजकूर उचलला तर वेलांट्या जागेवर राहतात का, हे त्यांत क्वचितच सापडेल. आता हेच बघा: लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली, की ज्या फाँटांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे होतात. अंक, स्मरणिका काढणारे कितीतरी जण हे माहीत नसल्याने फाँट बदलत बसतात. पानाच्या चित्रातून मजकूर वाचणाऱ्या (ओसीआर) टेसरॅक्टचंही तसंच. मराठीचं मॉडेल उबुंटूत वेगळं बसवावं लागतं. ते न करता हिंदीच्या मॉडेलवर जुनी पानं वाचायला लावायची आणि मग ‘ओसीआर भंगार आहे’ म्हणायचं.

चकवा:
हेतू चांगला आहे, पण यादी शिळी होते आणि शिळी झालेली दिसत नाही. लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं. तरी ‘फुकट ऑफिस’ म्हणून अजूनही ओपनऑफिसचं नाव सांगणारे भेटतात. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या ट्रूक्रिप्टच्या कर्त्यांनी मे २०१४ मध्ये स्वतःच ते वापरू नका असं सांगून गाशा गुंडाळला, पण त्याआधीच्या याद्यांमध्ये ते दिमाखात बसलेलं आहे.

आणि ट्रूक्रिप्ट तरी बरं, निदान बंद पडलं. सिंपल मोबाइल टूल्स घ्या. गॅलरी, कॅलेंडर, डायलर, सगळी स्वच्छ, मुक्त अँड्रॉइड ॲप्स. कितीतरी जणांनी डोळे मिटून शिफारस केली. २०२३ च्या अखेरीस ती एका कंपनीला विकली गेली आणि जुन्या कोडवरून ‘फॉसिफाय’ नावाचा वेगळा फाटा निघाला. जुनी यादी वाचून कोणी आज मूळ नाव शोधलं, तर त्याच्या हाती पडेल ती वस्तू यादीवाल्याने शिफारस केलेली उरलेली नाही. तुमचा तारखेचा रकाना कोण वाचतो? लोक नाव वाचतात आणि बसवतात.

सुपारी:
शिवाय चोराला घराचा नकाशा. कुठल्या आवृत्तीवर आहात तेही लिहा म्हणजे त्याचे श्रम वाचतील.

रफार:
सुपारी, आवृत्तीचा रकाना मी सांगितलाच नाही. सर्व्हर, राउटर, बॅकअपची व्यवस्था यादीत नकोच. मी चित्रं काढायला इंकस्केप वापरतो हे कळून कोणी माझ्या घरात शिरणार नाही.

चकवा, शिळी होण्याचा मुद्दा मान्य. पण हीच माहिती आज कुठे आहे? व्हॉट्सॲपच्या गटांत. तिथेही ती शिळी होते, वर सापडतही नाही. फाईल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या व्यवस्थेत, असली तर कुठली ओळ कधी बदलली हे तरी दिसतं.

मुळाक्षर:
मला दोघांच्याही खालची जमीन हलवायची आहे. आपण ‘वापरतो’ म्हणतो ती दर्शनी बाजू. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. एक्सझेड म्हणजे फाईली दाबून लहान करणारी लायब्ररी, इतर प्रोग्रॅम आतून वापरतात असा कोड. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्याने खणत खणत शोध घेतला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेली चोरवाट सापडली. ज्याने ती पेरली त्याने आधी दोनेक वर्षं नेटाने काम करून थकलेल्या मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावला होता.

आता सांगा, ‘मी एक्सझेड वापरतो’ असं कोणी यादीत लिहिलं असतं? ती लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर होती. ज्या सॉफ्टवेअरला लक्ष आणि मदत सर्वांत जास्त हवी, ते अशा यादीत कधीच येत नाही. तुमच्या यादीत जीआयएमपी, व्हीएलसी, ब्लेंडर येणार. त्यांना ओळखीची ददात नाही.

कडूनिंब:
मुळाक्षर, त्यासाठी एसबीओएम आहे ना, सॉफ्टवेअरच्या आत कुठले घटक आहेत त्यांची यादी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघडं पडलं तेव्हा अनेक कंपन्यांचा वेळ दुरुस्तीआधी ‘आपल्याकडे हे आहे तरी कुठे’ हे शोधण्यातच गेला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच गरजेतून. ती यंत्राने यंत्रासाठी केलेली यादी. रफार माणसाने माणसासाठी केलेल्या यादीबद्दल बोलतायत. दोन्हींचं काम वेगळं आहे.

आणि मोजदाद हवी असेल तर डेबियन लिनक्सचं पॉपकॉन बघा, कुठलं पॅकेज किती जणांकडे आहे ते मोजणारं. इन्स्टॉल करताना विचारतं, हो म्हटलंत तर दर आठवड्याला पॅकेजांची यादी नाव-गाव न सांगता पाठवतं. गंमत म्हणजे ‘बसवलेलं’ आणि ‘अलीकडे खरंच वापरलेलं’ असे वेगळे आकडे ठेवतं. मला या चर्चेतला सगळ्यांत शहाणा प्रकार तोच वाटतो.

चकवा:
पॉपकॉनला माझी हरकत नाही, त्यात मिरवायला जागाच नाही. माझी हरकत मिरवण्याला आहे. ओलो नावाची साइट होती, २०१४ मध्ये तिचं ओपन हब झालं. तिथे ‘मी हे वापरतो’ असं बटण दाबून आपला स्टॅक, म्हणजे आपण वापरतो त्यांचा संच, लावता यायचा. रफार म्हणतायत तेच, जवळपास जसंच्या तसं. लोकांनी बटणं दाबली, आकडे वाढले, आणि मोठी नावं आणखी मोठी झाली. पुढे गिटहबवर पसंती म्हणून देतात त्या ताऱ्यांचंही तेच, आता तर ते विकतही मिळतात. प्रत्येकाने यादी टाकली की दहा नावं हजार ठिकाणी दिसणार, बाकीची होती तिथेच.

वाटसरू:
मी चकवा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. ‘कुठे अडतं’ हा रकाना तुमच्या फाईलमध्ये राहिला तर तो दुरुस्त करणार कोण? ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याला तुमची फाईल दिसणारही नाही. देवनागरी मोडते? त्या प्रकल्पाच्या बगट्रॅकरवर, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, स्क्रीनशॉटसकट नोंद करा. ते न करता यादी करणं म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार घरच्या डायरीत लिहिणं.

पैशाचंही तेच. २०१४ मध्ये हार्टब्लीड हे सुरक्षेचं भोक उघड झालं तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीवर उभं आहे त्याला वर्षाला देणग्या सुमारे २००० डॉलर मिळत होत्या. वापरणाऱ्यांची कमी होती का? आपल्याकडे झेरोधा या शेअर दलाल कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला पैसे देणारा फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलरचा. तिथे अर्ज करताना प्रकल्पाने ‘फंडिंग.जेसन’ ही फाईल आपल्याच साइटवर किंवा कोडच्या साठ्यात (रेपोत) ठेवायची असते. फाईलच करायची तर अशी, जिच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी घडतं.

रफार:
वाटसरू, बग नोंदवा हे म्हणणं सोपं आहे. नोंद इंग्रजीत करायची, कोणत्या आवृत्तीत, कुठल्या पायऱ्यांनी घडतं ते लिहायचं, आणि समोरच्या जर्मन माणसाला ऱ्य म्हणजे काय हे समजावायचं. संस्थेचा अंक लावणाऱ्या निवृत्त मास्तरांकडून ही अपेक्षा? ते ‘इथे अडलं’ एवढं मराठीत लिहू शकतात. पुढचं काम ज्याला जमतं त्याने करावं, पण त्याच्या हाती आधी ती ओळ तरी पडू दे.

वाटसरू:
मग ओळीपुढे बगचा क्रमांक हवाच. क्रमांक नसेल तर ‘नोंदवलेलं नाही’ असं लिहा. म्हणजे कोणाला तरी टोचेल.

कडूनिंब:
नमुना म्हणून माझी एक ओळ टाकतो: ‘झोटेरो. संदर्भ आणि पीडीएफ लावायला. मराठी शीर्षकं नीट दिसतात, शोध चालतो.’

चकवा:
‘शोध चालतो’ म्हणजे काय चालतं? ‘तऱ्हा’ दोन प्रकारे टंकता येते, ऱ घेऊन किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारख्या. ‘ॲ’चंही तसंच, एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. एका प्रकारे टंकलेलं शीर्षक दुसऱ्या प्रकारे शोधून सापडलं का ते बघितलंत? की फक्त ‘पुणे’ टाकून पाहिलं?