सडा, जांभा आणि मुंगूस
कोकणातल्या 'सड्या'ला, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला, इंग्रजीत काय म्हणायचं असं एकाने विचारलंय. नुसतं 'प्लॅटो' म्हटलं तर दख्खनचं पठारही त्यातच येतं. 'लॅटराइट प्लॅटो' म्हणा. लॅटराइट म्हणजे आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये मलबारातल्या दगडाला हे नाव दिलं, लॅटिन 'लॅटर' म्हणजे वीट यावरून. खाणीत मऊ, सहज कापता येणारा, उघड्यावर ठेवला की कडक. चिरेखाणीवर गेलेल्या कोणालाही हे नाव पटेल.

खाडीला 'क्रीक' चालतं, पण अमेरिकेत क्रीक म्हणजे ओढा, तेव्हा जपून. बोंबलाचं 'बॉम्बे डक' कसं झालं ते मुलांना समजावायच्या फंदात पडू नका, मी पडलोय! मुंगूस मात्र शिकवायलाच नको. इंग्रजीतलं 'मंगूस' आपल्याकडूनच गेलंय.